जवाच्या हिशोबातून जन्मली अक्षरं!



आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. माणूस जगात पहिल्यांदा लिहायला लागला, तेव्हा त्यानं काय लिहिलं असेल? पुढचं वाचण्याआधी जरा विचार करा. देवाची प्रार्थना? राजाचा पराक्रम? एखादी छानशी गोष्ट? की दूरगावी गेलेल्या मुलाला पत्र?

यातलं काहीच नाही! त्यानं लिहिला हिशोब. तोही सोन्या-माणकांचा नव्हे, तर चक्क जवाचा! जव म्हणजे आपण ज्याला सातू म्हणतो ना, तेच धान्य. इराकमध्ये सापडलेल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या एका छोट्या पाटीवरचा मजकूर एवढाच आहे : जव २९,०८६ मापं, ३७ महिने, कुशिम. झालं, संपली पाटी! हे ‘कुशिम’ कुणा माणसाचं नाव की कोठाराच्या अधिकाऱ्याचा हुद्दा, यावर विद्वानांचे अजून वाद चालू आहेत. पण ते माणसाचं नाव असेल, तर आपल्याला लेखी स्वरूपात माहीत असलेल्या अगदी पहिल्या नावांपैकी ते एक आहे. आणि ते राजाचं नाही, हिशोबनिसाचं आहे. आहे की नाही गंमत?

आपण इतिहासाच्या पुस्तकात ‘प्राचीन संस्कृतींचा उदय’ असा धडा वाचतो. नद्यांची नावं, शहरांची नावं, सनावळ्या पाठ करतो. पण संस्कृती उदय पावते म्हणजे नेमकं काय होतं? आज ते आपण या जवाच्या दाण्यांमागून जात जात पाहू.

दोन नद्या आणि चिखलच चिखल

युफ्रेटिस आणि टायग्रिस या दोन नद्यांमधल्या प्रदेशाला मेसोपोटेमिया म्हणतात. त्याचा दक्षिणेकडचा भाग म्हणजे सुमेर. आज तो इराकमध्ये येतो. एवढी थोर संस्कृती जिथं उभी राहिली, ती जागा सुपीक आणि समृद्धच असणार, असं तुम्हांला वाटेल. पण सुमेरकडे काय काय नव्हतं, ते पाहा! तिथं पाऊस जेमतेम. बांधायला दगड नाही. मोठं लाकूड नाही. तांबं-कथील तर नाहीच नाही. बरं, नद्यांना पूर तरी वेळेवर यावा? तोही नाही. पेरणीच्या वेळी नद्या आटलेल्या आणि पीक हाताशी येतं तेव्हा डोंगरातलं बर्फ वितळून पुराचा लोंढा हजर!

मग माणसांनी काय केलं? पाट खणले, बांध घातले. पाणी नको तेव्हा अडवलं आणि हवं तेव्हा शेतात आणलं. हे काम एका घराचं नव्हे. त्याला सगळा गाव लागतो, कधी कधी दहा गावं लागतात. पाट कुणी साफ करायचा, पाणी आधी कुणाला द्यायचं, हे ठरवावं लागतं. पण एकदा पाणी खेळायला लागल्यावर त्या काळ्या गाळात जव असा पिकला, की खाऊन उरला.

हा ‘उरला’ शब्द लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते. धान्य उरलं, म्हणून प्रत्येकानं शेतात राबण्याची गरज उरली नाही. कुणी कुंभार झाला, कुणी विणकर, कुणी सोनार, कुणी पुजारी, कुणी शिपाई. आणि ही सगळी मंडळी एका ठिकाणी राहायला लागली. ते ठिकाण म्हणजे शहर! सुमेरमधलं उरुक हे शहर इ.स.पूर्व २९००च्या सुमारास जगातलं सर्वांत मोठं शहर होतं. तिथं ४० हजार किंवा त्याहूनही जास्त माणसं राहत असावीत, असा अंदाज आहे.

आता तुम्ही विचाराल, धान्य तर पुष्कळ ठिकाणी उरत असेल. मग सगळीकडे लेखन का नाही सुरू झालं? चांगला प्रश्न आहे. त्यासाठी क्षणभर आपल्या पुणे जिल्ह्यात या. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचं गाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं गाव उजेडात आलं. हे लोकही जव पिकवत होते. त्यांनीही नदीचं पाणी वळवायला पाट आणि बांध घातला होता. गावाच्या प्रमुखाचं पाच खोल्यांचं घर होतं आणि शेजारीच धान्याचं कोठार होतं. म्हणजे उरलेलं धान्य इथंही होतं! पण लेखन मात्र नव्हतं. का बरं?

कारण गाव लहान होतं. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. कुणी किती पायली धान्य कोठारात घातलं, कुणी किती नेलं, हे लोकांच्या तोंडी असतं. कुणी खोटं बोललाच, तर दहा जण त्याला अडवतात. उरुकसारख्या शहरात मात्र हजारो अनोळखी माणसं. तिथं कोण कुणाची आठवण ठेवणार आणि कोण कुणावर विश्वास ठेवणार? तिथं आठवणीला डोक्याबाहेर ठेवायची सोय हवी होती. आणि सुमेरमध्ये एकच गोष्ट हवी तेवढी होती – चिखल!

मातीची गोटी ते अक्षर

सुमेरच्याही कितीतरी आधीपासून त्या भागातले लोक मातीच्या बारीक गोट्या, शंकू, चकत्या करत होते. या वस्तूंचा अभ्यास डेनिस श्मांट-बेसेरात या विदुषींनी केला. त्यांचं म्हणणं असं, की या वस्तू हिशोबाच्या होत्या. एक आकार म्हणजे धान्याचं एक माप, दुसरा आकार म्हणजे मेंढी, असं. पुढे लोक या गोट्या मातीच्या पोकळ चेंडूत घालून चेंडू बंद करू लागले, म्हणजे कुणी लबाडी करायला नको. पण आत किती आहेत हे बघायला चेंडू फोडायचा? मग बंद करण्याआधी बाहेरून गोट्यांचे ठसे उमटवायला सुरुवात झाली. आणि एक दिवस कुणाच्या तरी लक्षात आलं, की ठसे जर बाहेर आहेतच, तर आत गोट्या कशाला हव्यात? चेंडूची झाली सपाट पाटी. आणि तिच्यावर बोरूनं चिन्हं उमटू लागली.

उरुकमध्ये अशा सुमारे ५,००० पाट्या आणि पाट्यांचे तुकडे मिळाले आहेत. त्यांतल्या बहुतेकांवर हिशोबच आहेत. उरुकमध्ये आणखी एक वस्तू ढिगांनी सापडते. ती म्हणजे साच्यातून काढलेले, ओबडधोबड मातीचे वाडगे. कामकऱ्यांना रोजचा शिधा त्यांतून मिळत असावा. कशावरून? पाट्यांवर ‘खाणं’ दाखवायला जे चिन्ह आहे, त्यात माणसाचं डोकं आणि त्याच्यापुढे असाच वाडगा आहे!

चित्र काढून ‘मेंढी’ दाखवता येते, ‘वाडगा’ दाखवता येतो. पण ‘जीवन’ कसं दाखवणार? सुमेरी लोकांनी युक्ती काढली. त्यांच्या भाषेत बाणाला ‘ती’ म्हणत आणि जीवनालाही ‘ती’च म्हणत. मग जीवन लिहायचं असेल, तर काढा बाण! आपल्याकडे असं करायचं तर काय करू? ‘आदर’ या अर्थाचा ‘मान’ हा शब्द लिहायचा असेल, तर गळ्यावरची मान काढू! चित्र बघायचं, पण घ्यायचा फक्त आवाज. दिसायला छोटी युक्ती, पण याच क्षणी चित्राचं अक्षर झालं. आता कुणाचंही नाव, कुठलंही वाक्य, गाणं, गोष्ट, सगळं लिहिता येऊ लागलं. बोरूच्या टोकामुळे या अक्षरांचा आकार पाचरीसारखा झाला, म्हणून या लिपीला कीलाकार लिपी म्हणतात.

या हिशोबी लोकांचं एक देणं तर तुमच्या मनगटावर आहे. ते साठच्या पटीत मोजायचे. आपल्या घड्याळात ६० सेकंदांचं मिनिट आणि ६० मिनिटांचा तास कुठून आला, कळलं ना? वर्तुळाचे ३६० अंश तिथलेच!

आणि लेखन आलं, की मागोमाग शाळा आलीच. सुमेरी शाळेचं नाव होतं ‘एडुब्बा’, म्हणजे पाट्यांचं घर. पाटीच्या एका बाजूला गुरुजी नमुना लिहून देत, दुसऱ्या बाजूला मुलं गिरवत. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी हे विद्यार्थी एक गोष्ट पुन्हा पुन्हा उतरवून काढायचे. त्या गोष्टीतला मुलगा उशिरा आला म्हणून मार खातो, बोलला म्हणून मार खातो, अक्षर चांगलं नाही म्हणूनही मार खातो! शेवटी तो वडिलांना सांगून गुरुजींना घरी जेवायला बोलावतो. वडील त्यांना नवी वस्त्रं देतात. मग काय, गुरुजी त्या मुलाचं तोंडभरून कौतुक करतात. (आई-बाबा, ही युक्ती आजच्या शाळेत चालणार नाही, हे मुलांना तुम्हीच समजावून सांगा.)

सगळीकडे असंच झालं का?

नाही हं! प्रत्येक संस्कृतीनं आपापली वाट काढली. इजिप्तमध्ये अबायडोस इथल्या एका राजाच्या थडग्यात भोकं पाडलेल्या हाडाच्या आणि हस्तिदंताच्या छोट्या पट्ट्या मिळाल्या. त्या सुमारे सव्वापाच हजार वर्षांपूर्वीच्या आहेत आणि मालाला चिठ्ठ्या बांधाव्यात तशा बांधलेल्या असाव्यात. चीनमध्ये मिळालेलं सर्वांत जुनं लेखन इ.स.पूर्व १२००च्या सुमाराचं, बैलाच्या हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर आहे. त्यात देवांना आणि पूर्वजांना विचारलेले प्रश्न आहेत. पाऊस पडेल का? पीक येईल का? मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनी दगडांवर तिथी आणि राजांच्या हकिकती कोरल्या. दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांनी तर एवढं मोठं राज्य अक्षरांशिवायच चालवलं. ते दोऱ्यांना गाठी मारून हिशोब ठेवत.

आणि आपली सिंधू संस्कृती? तिचे व्यापारी थेट सुमेरपर्यंत जात. सिंधू मुद्रा उर शहरात मिळाल्या आहेत. तिकडच्या पाट्यांवर ‘मेलुहा’ नावाच्या देशाचा उल्लेख येतो. तो देश म्हणजे सिंधू प्रदेश, असं बहुतेक विद्वान मानतात. मेलुहाची भाषा जाणणाऱ्या एका दुभाष्याची मुद्रासुद्धा सापडली आहे! पण सिंधू लिपी आजही कुणाला खात्रीनं वाचता येत नाही. लेख अगदी छोटे, सरासरी पाचच चिन्हांचे. तमिळनाडू सरकारनं २०२५ साली ही लिपी उलगडणाऱ्यासाठी दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. बघा बुवा, तुमच्यापैकी कुणाच्या नशिबात आहे का ते!

पाटीची दुसरी बाजू

आतापर्यंतची गोष्ट ऐकून वाटेल, लेखन आलं आणि सगळं छान झालं. पण मित्रांनो, ज्या पाटीवर ‘जव जमा’ असं लिहिता येतं, तिच्यावर ‘जव बाकी’ असंही लिहिता येतं.

पीक बुडालं, की शेतकरी मंदिराच्या किंवा श्रीमंताच्या कोठारातून जव उसना घ्यायचा. पाटीवर नोंद व्हायची. बॅबिलोनच्या काळात जवाच्या कर्जावर नेहमीचं व्याज होतं एक तृतीयांश. म्हणजे ३ पोती घेतली, तर ४ परत करायची. पुढच्याही वर्षी पीक आलं नाही तर? बाकी वाढायची. माणूस विसरला असता, पण पाटी विसरत नव्हती! शेवटी शेत जायचं, बैल जायचे आणि मग घरातली माणसं. मुलगा किंवा मुलगी सावकाराच्या घरी राबायला पाठवावी लागायची. तुमच्याच वयाची मुलं, बरं का.

पण गोष्ट इथं थांबली नाही. इ.स.पूर्व २४००च्या सुमारास लगाश नावाच्या सुमेरी शहरात एन्मेटेना नावाचा राजा होता. त्यानं कर्जाचं व्याज माफ केलं आणि कर्जापायी अडकलेल्यांना मोकळं केलं. मुलाला आईकडे आणि आईला मुलाकडे परत पाठवलं, असं त्याच्या लेखात नोंदलेलं आहे. या मोकळं करण्याला सुमेरी भाषेत शब्द आहे ‘अमार्गी’. त्याचा शब्दशः अर्थ काय, माहीत आहे? ‘आईकडे परत’! जगात सापडलेला, स्वातंत्र्य या अर्थाचा हा सर्वांत जुना लेखी शब्द मानतात. सावकाराकडे राबणाऱ्या मुलाला स्वातंत्र्य म्हणजे दुसरं काय वाटणार? आईकडे परत जाणं!

पुढे इ.स.पूर्व १७५०च्या सुमारास बॅबिलोनचा राजा हम्मुराबी यानं आपले कायदे काळ्या दगडावर कोरून घेतले. तो दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यातला ४८वा कायदा सांगतो, की वादळानं किंवा पुरानं पीक गेलं किंवा पाण्यावाचून ते उगवलंच नाही, तर त्या वर्षी कर्जदारानं सावकाराला धान्य द्यायचं नाही, व्याजही द्यायचं नाही. त्यानं आपली पाटी ओली करायची! म्हणजे मातीची पाटी पाण्यानं मऊ करून करार बदलायचा. ११७वा कायदा म्हणतो, की कर्जापायी कुणी बायको-मुलं राबायला दिली, तर त्यांनी तीन वर्षंच राबायचं. चौथ्या वर्षी ती मोकळी. आणि कर्ज पूर्ण फिटलं, की पाटी फोडून टाकायची पद्धत होती. हे कायदे फार दयाळू होते असं मात्र समजू नका. त्यांत गुलाम होते, कडक शिक्षा होत्या. पण माणसाला बांधणारी पाटी त्याला सोडवूही शकते, हे त्या लोकांना उमगलं होतं.

ही गोष्ट आपल्यापासून वाटते तेवढी दूर नाही. महाराष्ट्रात जुन्या दस्तांवर लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगराचं चित्र काढायचा. ‘निशाणी नांगर’ म्हणत त्याला. वरच्या मजकुरात काय लिहिलंय, हे त्या बिचाऱ्याला वाचता येत नसे. अशा कर्जांखाली पिचलेले शेतकरी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी एकत्र आले आणि त्यांनी सावकारांची खतपत्रं जाळली. हे लोण पुणे आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यांत पसरलं. १८७९ साली सरकारला या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. आजही शेतकरी ‘सातबारा कोरा करा’ अशी मागणी करतात, ती तुम्ही ऐकली असेल. पाटी ओली करण्याचीच मागणी ती!

हे सगळं वाचलं कुणी?

इसवी सनाच्या पहिल्या शतकानंतर कीलाकार लिपी लोक पार विसरले. शहरं मातीच्या टेकड्या होऊन पडली. पाट्या मात्र टिकल्या. कागद जळतो, पण आग लागली तर मातीची पाटी उलट भाजून पक्की होते! हेन्री रॉलिन्सन नावाचा सतरा वर्षांचा इंग्रज मुलगा १८२७ साली कंपनी सरकारच्या नोकरीसाठी मुंबईत उतरला. इथं तो फारसी शिकला आणि पुढे इराणला गेला. तिथं बेहिस्तून इथल्या उभ्या कड्यावर एकच मजकूर तीन भाषांत कोरलेला आहे. एक भाषा कळली, की दुसरीचं कुलूप उघडतं! त्यातला बॅबिलोनी भाग सर्वांत अवघड जागी होता. १८४७ साली एक कुर्दिश मुलगा कड्याच्या फटींत लाकडी खुंट्या ठोकत, दोराला लोंबकळत तिथं पोचला आणि ओल्या कागदावर त्यानं अक्षरांचे ठसे घेतले. तो नसता, तर तो भाग वाचायचा राहिला असता. रॉलिन्सनचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे. त्या मुलाचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

आपण बरोबर वाचतोय याची खात्री काय? १८५७ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीनं परीक्षाच घेतली. एकच नवा लेख रॉलिन्सनसकट चार विद्वानांनी एकमेकांना न विचारता वाचला. उत्तरं बंद पाकिटातून आली. पाकिटं उघडली, तर चौघांचे अर्थ बहुतेक जुळले! त्या दिवसापासून मुक्या पाट्या बोलू लागल्या.

तर मित्रांनो, संस्कृती म्हणजे नुसते उंच मनोरे आणि राजांची नावं नव्हेत. धान्य उरलं, की ते कुणाचं, कुणी मोजायचं आणि कुणी वाटायचं, हे प्रश्न येतात. त्या प्रश्नांची उत्तरं शोधताना माणूस लिहायला शिकला. ज्याला वाचता येत होतं, त्याच्या हाती सत्ता आली. ज्याला येत नव्हतं, तो अडकला. म्हणूनच तुम्ही शाळेत जे अक्षर आणि जो हिशोब शिकता, तो नुसत्या मार्कांसाठी नाही. सही करण्याआधी वरचा मजकूर वाचता यावा, यासाठीही आहे.

आता या आठवड्याचा उद्योग. कुंभाराकडची किंवा बागेतली चिकण माती घ्या. तळहाताएवढी पाटी थापा. झाडूची काडी तिरकी कापून बोरू करा. घरात आठवड्यात दूध किती आलं, तांदूळ किती लागले, याचा हिशोब स्वतः बनवलेल्या चिन्हांत लिहा. सावलीत वाळवा. मग काहीही न सांगता ती पाटी मित्राला किंवा मैत्रिणीला वाचायला द्या. तिला काय कळलं आणि काय नाही, ते वहीत लिहून ठेवा. मग तुम्हांला समजेल, चार विद्वानांचं उत्तर जुळलं, तेव्हा लोकांना एवढा आनंद का झाला!

आणि हो, ‘आईकडे परत’ यासाठी एक चिन्ह बनवायला विसरू नका.

पुढच्या आठवड्यात भेटूच!